नावेच्या पोटाला काय लावायचं

लग्न होऊन मी वर्धा नदीच्या काठी आले, तेव्हा घराच्या आधी मला दिसलं ते नावेचं पोट. वैशाख होता. नदी आटून डोहाडोहांत बसली होती आणि घाटाच्या वाळूत सासरची नाव उलटी पडली होती. बायका मला वाजतगाजत घराकडे नेत होत्या आणि मी पदराआडून मान वळवून नावेकडे बघत होते. तळाला शेवाळ वाळून त्याची दाढी लोंबत होती. फळ्यांवर गोगलगाई मरून चिकटल्या होत्या. दोन फळ्यांच्या सांध्यात तर लाकूड इतकं भुसभुशीत झालं होतं की ते लांबूनही कळत होतं.

माझं माहेर वैनगंगेच्या काठचं, नाववाल्यांचंच. असली नाव माझ्या बापाने दारासमोर उभी करू दिली नसती. माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं, आताही फारसं नाही. मी शेजारच्या बाईला म्हणाले, "ही नाव आहे की म्हैस?"

बाई हसली नाही. उत्तर मागून आलं.

"म्हैसच हाय. पण दूध देते. तुले धुता येते काय?"

ती माझी सासू. तिने माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी चपापले, पण खाली बघितलं नाही, आणि ती गालात हसली. त्या हसण्यावर मी पुढची कित्येक वर्षं जगले असं म्हटलं तरी चालेल.

सासरे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. नाव त्यांनी बांधलेली, घाट त्यांनी सांभाळलेला. वारं बरं असलं की आडव्या बांबूला जुनं लुगडं बांधून त्याचं शीड करायचे आणि बाजारकरी बायकांना एका दमात पलीकडे न्यायचे, असं लोक अजून सांगत. दर उन्हाळ्यात ते नावेच्या तळाला काहीतरी शिजवून लावत. काय लावत, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मुलगा, म्हणजे आमचे हे, पुलगावच्या कापडगिरणीत लागले होते. त्यांना पाण्यापेक्षा यंत्राची ओढ जास्त. मग सासूनेच नाव रेटायचा बांबू हातात घेतला. बाई नाव चालवते म्हणून दोन्ही काठांवर आधी तोंडं वाकडी झाली, मग सवय झाली.

पण नावेची एक परीक्षा असायची. आषाढाच्या तोंडाशी नदीला चालतं पाणी आलं, पायी उतरणं बंद झालं, की दोन्ही गावची चार मोठी माणसं नावेत बसत. नावेच्या तळात ज्वारीचं कोरडं पीठ पसरत. नाव पलीकडे जाऊन परत यायची. पीठ कोरडं राहिलं तर घाट त्याच घराकडे, आणि खळ्यावर दोन्ही गावांकडून धान्य. ज्या हातांनी नावेचा तळ माखला असेल त्या हातांत त्या पिठाच्या भाकरीचा पहिला तुकडा द्यायचा. सासऱ्यांनी तो तुकडा वर्षानुवर्षं खाल्ला होता. ते गेल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांचाच जुना लेप अजून अंगावर होता, म्हणून नाव तरून गेली. पण मी येण्याआधीच्या वर्षी सासूने स्वतःच्या अंदाजाने जवसाचं तेल आणि राळ लावली, आणि पीठ भिजलं. चिखल झाला नव्हता, नुसता एक ओला डाग, पण डाग तो डागच. पलीकडच्या गावाने एक साल सांभाळून घेतलं. या साली पुन्हा भिजलं तर खालच्या अंगाचा दुसरा नाववाला आणू, असं त्यांनी उघड सांगितलं होतं. त्याच्याशी बोलणंही झालं होतं.

हे सगळं मला सासूने लग्नानंतरच्या आठवड्यातच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. मी म्हटलं, आत्याबाई, हे गिरणीत आहेत, पोटापाण्याचं काही अडणार नाही.

"पोटाचं कोन म्हंते?" ती म्हणाली. "मजुरीले बी जाईन मी. पन घाट गेला तर मी कोन? त्याईची रांडमुंड बायको, एवढंच ना?"

तिचा आवाज चढला नव्हता. खडे निवडणारा हात मात्र थांबला होता.

आता लावायचं काय, यावर घरात रोज पंचायत बसू लागली. ह्यांचं मत डांबराला होतं. रस्त्याच्या कामावरून थोडं मिळेल, फुकटात पडेल. मग एक दिवस ते गिरणीतून येताना सायकलला एक डबा बांधून आले. पुलगावच्या एका दुकानदाराने मुंबईहून मागवलेला, जहाजाच्या तळाला लावायचा तांबडा रंग. दुकानदाराने तो कुठल्या आशेने मागवला होता देव जाणे, कारण वर्ध्याच्या आसपास जहाज कुणी बघितलेलं नव्हतं. डब्यावर गलबताचं चित्र होतं आणि हे तो डबा लग्नातल्या कलशासारखा दोन्ही हातांत धरून आत आले.

"माय, याच्यावर शेवाय बसत नाई, गोगलगाय बसत नाई, काईच बसत नाई," हे म्हणाले.

"काऊन बसत नाई?"

"जहर रायते त्याच्यात. म्हून तर."

सासू डब्याकडे बघत राहिली. मी मध्ये तोंड घातलं. आमच्याकडे नावेला बिब्ब्याचं तेल आणि राळ लावतात, मी म्हणाले. ह्यांनी कपाळाला हात लावला. "झाडीतली बाई बिब्बाच सांगनार. अंगावर उतला तर सोलून निघशीन." मी म्हटलं, अंगावर घ्यायचा नसतो, लाकडाला लावायचा असतो, एवढी अक्कल आमच्या वैनगंगेकडच्या झाडीत असते. मग दोन दिवस आमचा अबोला.

सासूने कुणाचीच बाजू घेतली नाही. तिने जुन्या नावेची एक फळी शोधून काढली, तिचे चार तुकडे केले आणि एकेका तुकड्याला एकेक वस्तू माखली. एकावर डांबर, एकावर जवस आणि राळ, एकावर तो तांबडा रंग आणि एकावर बिब्बा. बिब्बे तिने बाजारातून आणले आणि तेल माझ्याकडून काढून घेतलं. चारही तुकड्यांना दगड बांधून तिने ते घाटाच्या डोहात, नाव जिथे उभी राहायची तिथेच सोडले. पुढे रोज पाणी भरायला गेली की ती त्यांच्याकडे बघून यायची. कुणी काही विचारलं की म्हणायची, "लाकडाले विचारून राह्यली."

मला त्या बाईचं तेव्हाच कौतुक वाटलं आणि मी ते मनात ठेवलं नाही. आमच्या वैनगंगेवर एवढे नाववाले, पण बापाने केलं ते मुलगा करतो. असं सगळ्यांना एका पाण्यात उभं करून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी तसं तिला म्हणालेही. ती म्हणाली, "त्याईनं सांगतलं असतं तर म्या बी तेच केलं असतं. सांगतलं नाई, म्हून डोकं चालवा लागून राह्यलं."

ज्येष्ठ उजाडला तसे तिने तुकडे बाहेर काढले. आम्ही तिघे घाटावर उकिडवे बसलो. जवसाच्या तुकड्यावर बोटभर लांब शेवाळ. डांबरावर गोगलगाई मजेत बसलेल्या, आणि वर काढल्यावर उन्हात डांबर वितळून हाताला चिकटायला लागलं. बिब्ब्याच्या तुकड्यावर बुळबुळीत थर होता, पण अंगठा फिरवला की लाकूड लख्ख. आणि तांबडा तुकडा? तो काल रंगवल्यासारखा होता. त्यावर काही म्हणजे काहीच नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी नदीकडे बघू लागले.

सासूने तांबड्या तुकड्याचा दगड उचलला. दगडाच्या खाचेत बारक्या गोगलगाई होत्या. तिने त्या तळहातावर घेतल्या. रिकाम्या होत्या. मग तिने बाकीच्या तीन दगडांवरच्या काढल्या. त्या जिवंत होत्या, हातावर शिंगं काढून हलत होत्या.

"हा नाई," ती म्हणाली.

हे उसळले. सगळ्यांत चांगला तोच दिसतोय, डोळ्यांनी दिसतंय, आणि तू नको म्हणतेस? रंगाने मेल्या की आपोआप मेल्या हे कुणी बघितलंय? माझ्याही मनात तेच आलं होतं. नदीत मेलेल्या गोगलगाईंना काय तोटा असतो?

सासूने हात धुतला आणि पलीकडे बोट केलं. नाव उभी राहायची तिथून चार पावलांवर वाळूत झिरे होते. गावातल्या बायका वाटीवाटीने पाणी काढून घागरी भरत होत्या. खालच्या बाजूला जनावरं पाण्यात उभी होती.

"जहर हाय असं तूच म्हंतलं," ती मुलाला म्हणाली. "थ्या समुद्रात पानी कोनी पेत नाई. एथी सारं गाव पेते. मले घाट पायजे, पन असा नाई."

जिच्या डोक्यावर घाट जाण्याची तलवार टांगलेली, तिने सगळ्यांत पक्की वस्तू हातात असताना बाजूला ठेवली. मी तिच्या जागी असते तर ठेवली असती का, याची मला आजही खात्री नाही.

डबा वाया गेला नाही. ह्यांनी त्या रंगाने सायकल रंगवली. त्या सायकलीवर कधी गोगलगाय बसली नाही, हे मात्र मी मान्य करते.

मग बिब्ब्याचं काम माझ्याकडे आलं. बापाला निरोप गेला आणि त्याने रेल्वेने पोती पाठवली. घरापासून लांब, नदीच्या वाळवंटात, वाऱ्याची दिशा बघून मी खड्डा खणला. खाली एक मडकं पुरायचं, वर भोक पाडलेलं दुसरं मडकं बिब्ब्यांनी भरून ठेवायचं, आणि वरच्याभोवती गोवऱ्या पेटवायच्या. तेल थेंबाथेंबाने खाली उतरतं, काळं आणि दाट. हाताला आधी खोबरेल चोपडायचं आणि धुराच्या तोंडाशी उभं राहायचं नाही. सासू सगळं शिकली. कुठल्याही शिकाऊ पोरीसारखी विचारत होती, चुकली तर हसत होती. आपल्या सुनेकडून शिकताना कमीपणा वाटणाऱ्या सासवा मी पुढे पुष्कळ बघितल्या, म्हणून हे मुद्दाम सांगते.

कुजलेल्या फळ्या सुताराकडून बदलून घेतल्या. सांध्यांत अंबाडीचं सूत ठोकलं. राळ घातलेलं गरम बिब्ब्याचं तेल आम्ही दोघींनी चिंध्यांच्या बोळ्यांनी नावेला पाजलं. वाळलं की पुन्हा. शेवटी नाव अशी काळी तुळतुळीत झाली की सासू तिच्यावरून हात फिरवून म्हणाली, "आता म्हैस दिसून राह्यली खरी."

तेल निथळून उरलेले बिब्बे पोत्यात भरून मी मागच्या पडवीत ठेवले होते. ते लांब पुरायचे होते. पण पेरणीची गडबड आली, पाऊस आला, आणि ते राहून गेलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी दुपारपासून घाटावर होते. नाव पाण्यात उतरवली होती. पाणी पिऊन लाकूड फुगू दे म्हणून ती मी सांभाळत होते. घरी सासू भाकरी टाकायला बसली होती आणि सरपण ओलं होतं. फुंकून फुंकून ती रडकुंडीला आली. ह्यांना आईची दया आली. नेमकी तेव्हाच यायची होती. पडवीतलं पोतं त्यांनी बघितलं, तेलकट कोरडं सरपण, असं भडाभडा पेटणारं दुसरं काय मिळणार? दोन ओंजळी चुलीत घातल्या. चूल झकास पेटली.

मी घरी आले तेव्हा धूर निघून गेला होता. ह्यांचा चेहरा लाल झाला होता आणि ते मान खाजवत होते. ओल्या सरपणाच्या धुरात सासूला वास कळलाच नव्हता; ती चुलीपुढून उठली नव्हती, तिने तोंडभर धूर घेतला होता. मी वास ओळखला आणि पोत्याकडे धावले. पोतं उघडं बघून मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याला तसं बोलायचं नसतं, पण त्या दिवशी मी बोलले आणि त्यांनी मुकाट ऐकून घेतलं. खोबरं आणि तीळ वाटून दोघांच्या तोंडाला लावले, खायलाही दिले. पण बिब्बा एकदा उतला की तो आपल्या वेळेने जातो. सकाळी ह्यांचं तोंड कोहळ्याएवढं झालं होतं. सासूचे दोन्ही डोळे मिटले होते. पापण्या फुगून अशा बसल्या होत्या की उघडणं शक्यच नव्हतं.

मी म्हणाले, आत्याबाई, मी नेते नाव. ती म्हणाली, नाही. त्या दिवशी बांबू घाट धरणाऱ्याच्याच हातात असायला हवा, आणि आता सून नेते म्हटल्यावर म्हातारी थकली हे लोकांनी ठरवलंच समज. दिवस पुढे ढकला, हे म्हणाले. तर ती म्हणाली, खालचा नाववाला त्याच दिवसाची वाट पाहतोय. मग तिने पदर नाकापर्यंत ओढला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू मोर टोकाले बस. डावीकडे न्याची असंन तं डावी फयी ठोक, उजवीकडे तं उजवी. बाकी माह्या हाताले माईत हाय."

पंच बसले. पलीकडच्या गावचा एक म्हातारा त्यांच्यात होता. गेल्या वर्षीचा ओला डाग आधी त्यालाच दिसला होता. त्याने स्वतःच्या हाताने पीठ पसरलं. नाव सुटली. मध्यावर पाण्याखाली एक मोठा खडक होता आणि पाणी गढूळ, मलाही तो नुसता भोवऱ्यावरून ओळखावा लागत होता. मी डावी फळी ठोकली. मागे बांबू पडला, नाव अलगद डावीकडे वळली. मी पुन्हा ठोकली.

"सून काऊन ठोकून राह्यली?" म्हाताऱ्याने विचारलं.

"लाकूड पाहून राह्यली," सासू पदराआडून म्हणाली. "नवी हाय ना घाटावर."

खडकाजवळ मी ठोकायच्या आधीच तिचा बांबू थांबला. तिने तो तळाशी दोनदा टेकवला. चिखलातून तो मुका येतो, खडकावर त्याचा ठक्क असा आवाज होतो. तिने तो ऐकला, अंग मागे टाकलं आणि सगळा भार बांबूवर दिला. खडक आमच्या उजव्या अंगाने निघून गेला. मी वळून बघितलं. ती ताठ उभी होती, पाय फाकवून, चेहरा झाकलेला, आणि तिच्या हातांकडे बघून कुणालाही वाटलं नसतं की या बाईला काही दिसत नाही. मी वैनगंगेच्या पुरात नाव घालणारे गडी बघितले आहेत. त्यांच्यातल्या एकाचंही मला त्या क्षणी काही वाटेना.

पलीकडे टेकून नाव परत आली. म्हातारा उतरला नाही. तो आधी वाकला आणि तळातलं पीठ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपलं.

"कोल्डं हाय," तो म्हणाला. बाकीच्यांनीही हात लावून बघितला. मग तो सासूजवळून जाताना थांबला.

"बाई, डोये मिटून नेली. उघडे असते तं काय केलं असतं?"

त्याला कधीपासून कळलं होतं कोण जाणे. सासूने पदर अजून खाली ओढला. खालचा नाववाला आणायचा विषय त्यानंतर पुन्हा निघाला नाही.

सगळे गेल्यावर तिने मला विचारलं, "खरंच कोल्डं हाय?" मी म्हटलं, खरंच. तिला पटेना. ती नावेत उतरली, गुडघ्यांवर बसली आणि फळ्यांवरून तळहात फिरवत गेली. मग चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. कोरडं पीठ टाळूला चिकटलं तशी तिला ठसका लागला, आणि ठसकतच ती हसायला लागली.

त्या पिठाची भाकरी तिने स्वतः थापली. चुलीपासून लांब बस म्हणून मी सांगत होते, ती ऐकत नव्हती. भाकरी फुगल्याचं तिला आवाजावरून कळलं. तिने तुकडा मोडला आणि हवेत हात फिरवून माझा हात शोधला. तळ तर दोघींनी माखला होता. मी तुकड्याचे दोन करायला लागले, तर तिने माझी मूठ मिटवली.

"खाय," ती म्हणाली. "दोन सालं म्या त्याईची नाव चालवली. आज आपली चालवली."

सुजलेल्या पापण्यांतून पाणी आलं होतं. बिब्ब्याने येतं तसं, मी म्हटलं. ती म्हणाली, व्हय, बिब्ब्यानंच. मी तो तुकडा खाल्ला. त्यात नावेतली थोडी वाळू होती.